खाणीतलं सुटलेलं छत

परवा बनशंकरीच्या आमच्या घरी मिस्त्री फरशा पोकळ आहेत का ते ठोकून बघत होता. एक बद्द वाजली आणि मी झटकन मागंच सरले बघा.

माझे थोरले भाऊ, अण्णा, शिसं-चांदीच्या खाणीत होते. एकदा मला आत घेऊन गेले. पांढऱ्या गारगोटीत शिशाची करडी शीर दिव्यात चमचमत होती.

"चांदी कुठंय?" मी विचारलं.

"ह्या शिशातच लपलीय, वेडे."

मी हात लावणार, तोच त्यांनी पहारीनं छत ठोकलं. घट्ट दगड खणखणतो. हा बद्द वाजला, म्हणजे सुटलेला.

"सरी, मागं हो. उद्या मीच पाडतो हे, तुला तुकडा आणतो."

दुसऱ्या दिवशी ते छत अण्णांवरच आलं.

तेव्हा मला फक्त तुकडा ऐकू आला होता. आता "मीच पाडतो" तेवढंच ऐकू येतं.