खांबातली थरथर

घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर जानकीची खोली होती. वर पत्रे, आत लाकडी माळा आणि माळ्याला खालून एकच खांब. चाळिशीत मेंदूज्वराने तिचे दोन्ही कान गेले. ओठ बघून तिला बोलणं कळायचं, पण तेवढा धीर कुणाला? शेजारणी हळूहळू बोलायच्या बंद झाल्या. नवरा धाकू वॉचमन. रात्रपाळी करून यायचा, जेवायचा आणि माळ्यावर जाऊन झोपायचा.

एकदा खांबाला टेकून तांदूळ निवडताना तिच्या पाठीला बारीक थरथर जाणवली. तिने बोटाने खांब ठोकला. थरथर वाढली, मग थांबली. पुन्हा ठोकला, पुन्हा उत्तर आलं. मग रोजच ती खांबाला तळवा लावून बसू लागली. कधी हसायचीसुद्धा.

दिंडोशीहून मुलगी क्षमा आली, तेव्हा जानकीने कौतुकाने तिचा हात खांबावर ठेवला. क्षमा शाळेत विज्ञान शिकवते. तिचा चेहरा उतरला.

"आये, ही वाळवी आहे. त्यांच्यातले शिपाई लाकडावर डोकं आपटतात. बाकीच्यांना ते पायांतून कळतं, की धोका आहे, पळा."

"म्हणजे मी ठोकतंय तेवा ती भियतत?"

क्षमाने होकारार्थी मान हलवली. खांब आतून पोखरलाय, बाबा झोपून उठले की त्यांना आजच सांग, असं बजावून ती गेली.

जानकीने ठोकणं सोडलं. तळवा मात्र ठेवतच राहिली. धाकूला सांगितलं तर तो लगेच औषध मारून घेईल, हे तिला ठाऊक होतं. उद्या सांगू, उद्या सांगू करत पावसाळा सरत आला.

भर दुपारी ती नळावर भांडी घासत होती. बायका तिला ओलांडून खोलीकडे धावल्या, तेव्हा तिने मान वर केली. माळा खाली आला होता आणि माळ्यावर झोपलेला धाकू ढिगाऱ्याखाली होता. इस्पितळात नेताना वाटेतच तो गेला. तो तिलाच हाका मारत होता, असं एका शेजारणीने नंतर तिला सांगितलं.

दिवसकार्य उरकल्यावर क्षमाने विचारलं, "बाबांना सांगितलं होतंस ना?"

"सांगूकच नाय," जानकी म्हणाली. "खांबातला तां बंद झाला असता."

क्षमा तिला दिंडोशीला घेऊन गेली. वेळेवर वाढते, औषधं देते. त्या खोलीचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही, आणि दुसरं बोलण्यासारखं दोघींत फारसं उरलेलं नाही.