पाया खणताना सापडलेली विहीर

मुलांनो, आज गल्लीत पाइपसाठी खणलेल्या मातीचा ओला वास आला, म्हणून हे लिहिते आहे. नव्वदच्या दशकात सोपाऱ्यात आपल्या घराचा पाया खणताना भाजलेल्या मातीची, एकावर एक रचलेली रुंद कडी लागली. प्राचीन सोपारा बंदरातली ती विहीर होती.

मुकादम माझ्या सासूबाईंना म्हणाला, "आजी, भिंत इथूनच जाते. फोडतो."

सासूबाईंनी वाकून वरच्या कड्याला हळदकुंकू वाहिलं. "पूजलेल्या विहिरीवर घाव घालतोस? घाल बघू!"

त्याने पहार खाली ठेवली. तुमचे आजोबा हसले, "आई, स्वयंपाकघर गेलं की!"

"आपल्याआधी ती इथं राहत होती. आपणच सरकू."

तेव्हा मला भिंत सरकल्याने अरुंद झालेल्या ओट्याची काळजी पडली होती. आता पाहुण्यांना विहीर दाखवताना माझी मान ताठ होते. वरचं कडं तडकलं आहे, बाकीची शाबूत आहेत.