बुलढाण्याला न पोचलेली चिठ्ठी

"नाही जी डाक्टरसाहेब, आमच्या खानदानात असं कोनालेच नाही." नामदेवराव तिसऱ्यांदा म्हणाले. शेजारी बाकावर त्यांचा मुलगा श्रीराम. वय बावीस. दोन महिने धड जेवण नाही, झोप नाही, शेतात जाणं बंद. आधी टीबी समजून औषधं झाली, मग बाहेरचं समजून अंगारे.

साठचं दशक संपत आलं होतं. मेहकर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी एकटाच डॉक्टर. मनाच्या आजारांचं माझं ज्ञान पुस्तकापुरतं, पण हे डिप्रेशन होतं. नुसतं दुःख नव्हे, आजारच. तो कधीकधी रक्ताच्या नात्यात उतरतो. उतरतोच असं नाही, पण जवळच्या कुणी जीव दिलेला असेल तर पेशंटचाही धोका वाढतो. म्हणून मी पिच्छा सोडत नव्हतो.

शेवटी नामदेवरावांना चहाला पिटाळलं आणि श्रीरामच्या आईला आत बोलावलं.

"माय, खरं सांगा."

तिनं पदर तोंडाला लावला. "याचा चुलता असाच बसे जी. मंग त्यानं जीव देल्ला. याच्या बहिनीची सोयरीक जमली हाय चिखलीले. कोनाले सांगू नोका."

"नाही सांगत," मी म्हणालो.

मग श्रीरामला विचारलं, "मरावंसं वाटतं का रे?"

"रोजच वाटते," तो म्हणाला.

आजच्या आज बुलढाण्याला न्या, असं बजावून मी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. चुलत्याची आत्महत्या, फॅमिली हिस्ट्री, ताबडतोब ॲडमिट करा. लिफाफे संपले होते. घडी घालून तशीच नामदेवरावांच्या हाती दिली. म्हटलं, इंग्रजी कोण वाचतंय? काय माझी अक्कल!

गावात कुठलाही सरकारी कागद आला की आधी मास्तरांकडे जायचा. नामदेवरावांनीही चिठ्ठी वाचून घेतली. सोयरिकीतले मध्यस्थ हेच मास्तर. माणूस वाईट नव्हता. "लग्न उरका, मग न्या," एवढंच म्हणाला.

आठ दिवसांत बुलढाण्याहून काहीच कळलं नाही, तेव्हा मी शिपाई धाडून नामदेवरावांना बोलावलं.

"साहेब, चिठ्ठी मास्तरायनं वाचली. लग्न होऊ द्या. वीस दिवसांचा तर सवाल हाय."

"तोवर टिकायचा नाही तो!" मी ओरडलोच. "चिठ्ठी बदलून देतो. चुलत्याचं नाव काढत नाही."

"आता काढलंच ना तुमी. बुलढान्याले नेलं का चिखलीवाल्यायले कळते. मंग पोरीले जन्मभर घरीच ठेवू काय?"

त्या आजाराच्या गोळ्या दवाखान्यात नव्हत्या. एकटा सोडू नका, एवढं सांगितलं.

हळदीच्या दिवशी सगळं घर मांडवात होतं. श्रीराम एकटा राहिला आणि गेला. पोस्टमॉर्टेम मलाच करावं लागलं. सोयरीकही मोडली.

बाहेर त्याची आई बसली होती. "साहेब, पोरीलेबी होईन काय हे?"

"होईलच असं नाही, माय. पण झालं तर लपवू नका."

"तुमाले सांगतलंच होतं ना जी, कोनाले सांगू नोका," ती म्हणाली.

त्यानंतर कुणाच्या घरची हकीकत मी चिठ्ठीत लिहिली नाही. एसटीनं स्वतः बुलढाण्याला जाऊन तोंडी सांगायचो. अख्खा दिवस मोडायचा, पण पेशंट पोचायचा.