कडक सलाम आणि नामंजूर अर्ज

बाळांनो, तुमच्या आजोबांचा अपंगत्व पेन्शनचा अर्ज आज दुसऱ्यांदा नामंजूर होऊन आला, म्हणून राग ताजा असतानाच लिहिते.

फौजेत त्यांच्या मणक्याला मार लागला. आता दहा मिनिटंही ना बसवत, ना उभं राहवत. बँकेतली पहारेकऱ्याची नोकरी त्यामुळेच सुटली. हे सगळं मी इंग्रजीत, कागद क्रमाने लावून मांडलं होतं.

तपासणीच्या दिवशी मात्र यांनी बूट चमकवले, मिशीला पीळ दिला आणि शिरूरहून एसटीत उभ्यानेच लष्करी इस्पितळात आले. वर्दीतले डॉक्टर दिसताच कडक सलाम ठोकला.

"काम जमतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"जमतं साहेब! काय बी सांगा."

"अहो, खरं सांगा की!" मी म्हणाले. पण डॉक्टरांनी 'कामास सक्षम' असं लिहूनही टाकलं.

बाहेर यांना तीन पायऱ्या उतरवेनात. मी चिडून विचारलं, तर म्हणतात, "सायबाला न्हाई कसं म्हणायचं?"

तिसरा अर्ज मी आजच लिहायला घेतला आहे. बूट कपाटात कुलूपबंद केलेत. फाईलमधले सगळे कागद शाबूत आहेत, आणि यांची पाठदुखीही.