बेबाबाईची शिटी

नशिराबादच्या पुढे रुळांवर काम करणाऱ्या टोळीत बेबाबाईचं काम एकच, उभं राहायचं. बाकीचे वाकून गिट्टी ठोकायचे आणि ही त्यांच्यापासून थोडी लांब, हातात लाल झेंडी, गळ्यात शिटी, नजर वळणावर. गाडी दिसली की शिटी. शिटी ऐकली की माणसं अवजारं उचलून बाजूला. नवऱ्याच्या जागेवर लागली तेव्हापासून अकरा वर्षं हेच.

मनगटावर घड्याळ होतं, पण वेळ ती मोजायची रामनामानं. वळणावर दिसलेली गाडी टोळीपर्यंत यायला चाळीस नावं. रूळ उचलून धरणारा जॅक काढून बाजूला व्हायला टोळीला चोवीस लागायची. म्हणून पहिली दहा ती नुसती बघण्यात घालवायची. गाडी आपल्या रुळावर आहे की पलीकडच्या, ते तोवर कळायचं. पलीकडच्या गाडीला शिटी मारली तर नथ्थू मुकादम टोळीसमोर चिडवायचा, "बेबाबाई, शेजारना घरना पाव्हनासाठी आपला चुल्हा पेटाडस का?" सगळे हसायचे. तीही हसायची.

मग ती वेगाची गाडी सुरू झाली. पांढरी, सोळा डब्यांची, तोंडाला पक्ष्यासारखी चोच. माहिती द्यायला साहेबांनी टोळीला लिंबाखाली बसवलं. ताशी एकशेतीस. वेगळं इंजिन नाही, मोटारी डब्यांच्या खालीच, त्यामुळे धडधड कमी. ब्रेक मारला तरी थांबायला किलोमीटरभर लागणार. बेबाबाईनं सगळं वहीत उतरवलं आणि पहिल्याच दिवशी नावं मोजली. तीसच भरली. या गाडीला बघत बसायचं नाही, दिसल्याबरोबर शिटी, असं तिनं मनाशी ठरवलं. गाडी साडेनवाची, लक्षात ठेवायलाही सोपी.

पण वेळेवर आली तर ना. कधी आपोआप लागणारं दारच अडकायचं, कधी वाटेत जनावर आडवं यायचं आणि चोच फुटायची. त्या दिवशीही म्हैसच आडवी आली होती, हे मागाहून कळलं. साडेनऊ गेले, दहा गेले, अकरा वाजले. "आज काही येत नही ती," नथ्थू म्हणाला. पावणेबाराला वळणावर दिवा दिसला, तेव्हा बेबाबाईला वाटलं रोजची पॅसेंजर. तिनं दहा नावं घेतली, तेव्हा कुठे पांढरी चोच ओळखू आली.

मग शिटी. सगळे निघाले. सातपुड्याच्या पायथ्याचा खाज्या रुळाखालचा जॅक सोडवत राहिला. जॅक तसाच राहिला असता तर गाडीच घसरली असती. जॅक निघाला. खाज्या निघाला नाही.

चौकशीत विचारलं, शिटी वाजली का? सगळे म्हणाले, वाजली. ते खोटं नव्हतं. दहा नावांचं कुणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही.

तेव्हापासून तिचा जप मोडला. देवापुढे बसली की दहाव्या नावाशी जीभ थांबायची आणि पाठीमागे कुणीतरी वाकून बसलंय असं वाटायचं. लेकीकडे मेहरूणला चार दिवस राहून बघितलं. तिथंही ते वाकलेलं होतंच.

वर्षभरानं खाज्याच्या जागेवर त्याची बायको बुधीबाई लागली. त्याचंच नारिंगी जाकीट घालून आली. लांबून, वाकली की, खाज्याच. आता कुठल्याही रुळावर गाडी दिसो, बेबाबाई शिटी फुंकायची. दिवसातून वीस-पंचवीसदा टोळी उठायची. काम रखडलं.

"एवढं भ्याव वाटस ते घर बस," एक दिवस नथ्थू वैतागला. जेवायला बसल्यावर त्यानं शिटी टोळीतल्या छगनला द्यायचं ठरवलं आणि सांगितलं, "पलीकडनी असली ते वाजाडू नको. आधी पाहीसन मग वाजाड."

बेबाबाईच्या हातातला घास तिथंच राहिला. बुधीबाई समोरच बसली होती.

"नथ्थूभाऊ, मी तेच केलं होतं," ती म्हणाली. "बघत राहिले. दहा नावं गेली, मग वाजवली."

नथ्थूनं डबा झाकला आणि खाली बघत राहिला. चिडवणं त्याचंच होतं.

बुधीबाईनं विचारलं, "किती कमी पडनात?"

"चार."

बुधीबाईनं रुळांकडे बघितलं. मग भाकरी फडक्यात बांधली, उठली आणि नथ्थूला म्हणाली, "शिटी हिनाकडेच राहू दे. दुसरं कोनी उभं राह्यनं ते मी वाकसू नही."

एवढंच. बेबाबाईशी ती त्यानंतर फारसं बोललेली नाही. काम चोख करते. चार घाव घालते, मान वर करते, बेबाबाईकडे बघते, मग पुढचे चार. त्यामुळे तिचं काम मागे पडतं, पण नथ्थू आता काही म्हणत नाही.

मी बघतेय, तू कर निवांत, असं बेबाबाईच्या कितीदा ओठांवर येतं. ते म्हणायचा हक्क राहिला नाही, हे तिचं तिला कळतं. तिचं तोंड वळणाकडे असतं. मागचे घाव ती ऐकत असते. चौथा पडला आणि पुढचा आला नाही, की पाठीवर ती नजर टेकलेली असते.