भांगेच्या बियांचं डिझेल

माझी धाकटी बहीण वंदना कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नशा न आणणाऱ्या भांगेच्या बियांपासून गाडीचं इंधन करायचं तिने मनावर घेतलं होतं. परवानगी काढून तिने डोंगरातून बी मागवलं, पण त्याच्या तेलाचं डिझेल करायला गेलं की भांड्यात साबणच व्हायचा. पाच वेळा तसंच झालं. सहाव्यांदा तिने तेल आधी तापवून, त्यातलं पाणी उडवून नीट कोरडं केलं, आणि बरणीत मधाच्या रंगाचा स्वच्छ थर वर आला.

तो धुऊन, गाळून आम्ही वर्कशॉपमध्ये नेला. तिथे जुन्या जीपचं इंजिन चौकटीवर बसवलेलं होतं. मेकॅनिक जाधवकाका म्हणाले, "ताई, इंजिन झिंगलं तर मला बोलायचं नाही." आणि त्यांनी स्टार्टर मारला.

इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. मग एका सुरात चालत राहिलं. वंदनाने माझा हात घट्ट धरला. पंपावरचं तेल जमिनीच्या पोटात युगानुयुगं पडून असतं. हे तर गेल्या पावसाळ्यात कुठल्याशा उतारावर हिरवंगार उभं होतं. एका हंगामात साठवलेलं ऊन आता एवढं लोखंड फिरवत होतं. मी नुसती ऐकत राहिले.

तेल संपलं, इंजिन थांबलं. "बी दाखवा बघू," जाधवकाका म्हणाले. वंदनाने त्यांच्या तेलकट तळहातावर ज्वारीएवढे करडे दाणे ठेवले. ते बराच वेळ बघत राहिले.

"पुढच्या खेपेला आधी कळवा, ताई," ते हळूच म्हणाले. "इंजिन धुऊन-पुसून ठेवतो."