वेर्लेची बोटं

बेल्जियममधल्या ओस्टेंडच्या किनाऱ्याने जाणाऱ्या ट्रॅममध्ये वेर्ले नेहमी समुद्राकडे तोंड करून बसायची. समोर कुणाची मान आली, की तिची बोटं मांडीवर चुळबुळू लागत. हे केस मागून जरा हलके करायला हवेत, हिला हा तांबूस रंग शोभत नाही, असं मनात सुरू व्हायचं. मग बेकरीचा थांबा यायचा, आणि ती उतरून दिवसभर पाव विकायची.

शाळा संपल्यावर ती मासळीबाजारामागच्या जानीनबाईंच्या पार्लरमध्ये लागली होती. बाईंचा आवाज कडक, हात मात्र लोण्यासारखा. त्यांनी तिला आधी नुसते केस धुवायला शिकवले. कोळंबी सोलून आलेल्या बायका मान मागे टाकून बेसिनवर टेकायच्या. वेर्लेने कानामागून अंगठा फिरवला, की त्यांचे डोळे मिटायचे आणि तोंड उघडायचं. नवरा, सून, गुडघे, सगळं बाहेर यायचं. लोक पार्लरमध्ये जातात ते केस कापून घ्यायला नाही, असं वेर्लेला वाटे. कुणीतरी डोक्यावरून हात फिरवावा म्हणून जातात.

काही वर्षांनी तिची बोटं फुटायला लागली. आधी खाज, मग भेगा, मग रक्त.

"अगं, सगळ्यांनाच होतं हे," जानीनबाई म्हणाल्या. "मलम लाव आणि कामाला लाग. या धंद्यात नाजूकपणा चालत नाही."

ती लागली. शेवटी चमचासुद्धा धरवेना, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं: केसांचा रंग आणि सततचं ओलं काम हातांना बाधलंय. आता हे काम सोडायचं. त्या दिवशी तिने ॲप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला. जानीनबाई एका गिऱ्हाइकाचे केस विंचरत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढे रस्त्यात भेट झाली, तर दोघी हवेवर बोलून बाजूला व्हायच्या.

मग एक वाद पेटला. युरोपभरच्या कामगार संघटनांनी आणि पार्लरमालकांच्या पुढाऱ्यांनी मिळून युरोपीय संघाच्या कायद्यासाठी नियमांचा एक मसुदा केला होता: धुताना आणि रंग लावताना हातमोजे, ओलं काम सगळ्यांनी आळीपाळीने, पायात न घसरणारे बूट. वर्तमानपत्रांनी त्यातले बूट तेवढे उचलले. ब्रसेल्सला बसलेले संघवाले आता बायकांच्या उंच टाचांच्या मुळावर उठलेत, म्हणून देशोदेशी खिदळणं सुरू झालं. गावोगावचे छोटे मालकही बिथरले. ब्रसेल्सला चर्चा ठरली, तेव्हा कामगार संघटनेतल्या काटलेनने वेर्लेला गळ घातली, "तू ये गं. तुझे हात बघितल्यावर तरी हसणं थांबेल."

सभागृहात शिरल्या शिरल्या वेर्लेचे पाय थबकले. समोर मालकांच्या रांगेत जानीनबाई बसल्या होत्या.

एक गृहस्थ उठून म्हणाले, "उद्या कंगवा धरायलाही परवाना काढावा लागेल!" सभागृह हसलं. मग जानीनबाई उभ्या राहिल्या. "माझं दुकान एवढंसं. तुमचे नियम मोठ्यांना परवडतील. आणि रबराच्या हाताने डोकं धुतलं, तर गिऱ्हाइकाला दवाखान्यात आल्यासारखं वाटेल. आमच्या धंद्यात स्पर्शच तर विकतो आम्ही."

वेर्लेची पाळी आली. काटलेनने पाठ करून घेतलेले आकडे तिच्या डोक्यातून उडून गेले होते.

"बाई म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "स्पर्शच होता तो. मला उद्या सकाळी त्या बेसिनवर जायचंय. रोज सकाळी जायचं असतं. आणि जाता येत नाही. एवढंच सांगायला आले."

ती खाली बसली. अध्यक्षांनी घड्याळ पाहून पुढचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या नाहीत, पण कुणी हसलंही नाही.

परतीच्या गाडीत जानीनबाई आपण होऊन तिच्या समोर येऊन बसल्या. ब्रुज स्टेशन मागे पडल्यावर त्या म्हणाल्या,

"माझ्याविरुद्ध बोलायला आलीस."

"तुमच्याविरुद्ध कुठे बोलले, बाई?"

जानीनबाईंनी हातांतले चामडी मोजे काढले. बोटं लाल, सोललेली, सांध्यांशी चिरलेली होती. "तू यायच्या आधीपासून आहे हे. झोपताना मलम चोपडून सुती मोजे घालते. तुला सांगितलं असतं, तर पळाली असतीस."

वेर्लेच्या अंगाचा तिळपापड झाला. "पळाले नसते! हातमोजे घातले असते. अजून तिथेच असते मी!"

डब्यातली माणसं वळून पाहू लागली. जानीनबाईंनी मान खाली घातली. "हो," त्या म्हणाल्या. "असतीस."

मसुदा पुढे बासनात गेला. तो पुन्हा बाहेर काढला, पुन्हा गुंडाळला, आणि भांडणं चालूच राहिली. जानीनबाईंनी मात्र कुणाची वाट न पाहता हातमोज्यांची खोकी आणली.

एका सोमवारी, पार्लर बंद असताना, त्यांनी वेर्लेला बोलावलं आणि स्वतः बेसिनवर मान टाकून बसल्या. "धू."

"बाई, माझे हात..."

"मोजे घाल की. लांब बाह्यांचे आहेत."

वेर्लेने पाणी सोडलं. इतक्या वर्षांनी बोटं आपसूक कानामागे गेली. केस पांढरे, विरळ झाले होते, ते तिला दिसत होतं; बोटांना ते कळत नव्हतं. जानीनबाईंचे डोळे मिटले.

"कसं वाटतंय गं?"

"पाणी गरम आहे, तेवढं कळतं," वेर्ले म्हणाली. "केस हाताला लागत नाहीत."

"मी सांगत होते ना, मोज्यांतून स्पर्श तसा नाही होत."

"नाहीच होत. पण एवढंही चाललं असतं मला, बाई."

वेर्लेने साबण पुन्हा एकदा लावला. गरज नव्हती, तरी लावला.